डोकं लहान म्हणजे बुद्धी कमी का? बाळाच्या डोक्याच्या घेरावरून पडलेला प्रश्न

मिरजेची आई:

नमस्कार. माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. परवा गोवर-रुबेलाच्या लशीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहिला. घेर ४२.५ सेंमी. जन्माच्या वेळी ३३ होता, चौदा आठवड्यांच्या लशीला ३८.५. "मधल्या रेघेच्या खाली आहे, पण ठीक आहे, पुढच्या वेळी बघू," असं डॉक्टर म्हणाले. बाहेर रांग होती, मलाही तेव्हा पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

घरी ते कार्ड सगळ्यांच्या हातून फिरलं आणि तेव्हापासून हाच विषय चाललाय. आत्याबाई म्हणतात, "हिच्या बाबाचं डोकं जन्मतः केवढं होतं, म्हणून तर इंजिनिअर झाला." मालिशवाल्या मावशींच्या मते टाळू नीट भरली नाही म्हणून डोकं वाढलं नाही. दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुनी बातमी पाठवली: हैदराबादच्या संशोधकांनी मोजलं तर भारतीयांचा मेंदू गोऱ्या लोकांपेक्षा लहान निघाला. खाली त्यांनी लिहिलं, "मग आपल्याकडे आईन्स्टाईन कुठून होणार."

मुलगी बसते, रांगते, "बाबा कुठे?" म्हटलं की दाराकडे बघते, फरशीवरचा केससुद्धा दोन बोटांत धरून उचलते. तरी रात्री झोप लागत नाही.

मेंदूच्या आकाराचा आणि बुद्धीचा नेमका किती संबंध आहे? ज्यांना अभ्यासातून किंवा कामातून माहीत आहे त्यांनी कृपया सांगा. नुसतं "काळजी करू नका" नको, ते सगळेच म्हणतात.

दोन लेकरांचा बाप:

आमच्या धाकट्याचं उलटं होतं. घेर सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर गेला होता. टाळूवरून सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी माझ्याच डोक्याला टेप लावली, ५९.५! आमच्या घराण्यातच मोठी डोकी आहेत. तुम्ही दोघांचीही मापं घेऊन ठेवा, डॉक्टर विचारतातच.

शरीररचना निवृत्त:

तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून एकेरीत लिहिते. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मेंदू हातात देऊन शिकवायचा. दर बॅचमध्ये कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, हा माणूस हुशार होता का?" मेंदू पाहून ते सांगता येत नाही. मला नाही, माझ्या गुरूंना नाही, जगातल्या कुणालाच नाही. थोडं विस्ताराने लिहिते, कारण नऊ महिन्यांच्या पोरीच्या बुद्धीवर घरात असं बोललं जातंय याचा मला खरोखर राग आला आहे.

आधी वजनाचं बघू. मेंदूचं वजन म्हणजे अगदी पक्का आकडा असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. ताजा मेंदू कवटीतून काढून ताटलीत ठेवला की स्वतःच्याच भाराने बसायला लागतो, खरवसाइतका मऊ असतो. लगेच कापला तर नीट काप पडत नाहीत, म्हणून आधी तो फॉर्मलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रवात, मुरवतात. मेंदूच्या तळाशी मधोमध बेसिलर नावाची धमनी जाते. तिच्याखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं बादलीच्या काठाला बांधायची आणि मेंदू उलटा, तळ वर करून, द्रवात टांगता ठेवायचा. बुडाला टेकला तर तेवढ्या भागात चपटा होतो आणि मग तो शिकवायला निरुपयोगी. दोन-तीन आठवड्यांत घट्ट झाला की काढायचा.

यात वजन कधी केलं? ताजं असताना, की फॉर्मलिन शोषून जड झाल्यावर? वरची जाड आवरणं काढली होती का? आतल्या पोकळ्यांमधलं पाणी निथळू दिलं होतं का? माणूस कशाने गेला? मेंदूला सूज येऊन गेला असेल तर काटा जास्त दाखवणार. कोणत्या वयात गेला? म्हातारपणी मेंदू आकसतो, त्यामुळे ऐंशीव्या वर्षी गेलेल्या माणसाचा मेंदू त्याच्याच तिशीतल्या मेंदूपेक्षा हलका भरतो. प्रौढ मेंदूचं सरासरी वजन १३०० ते १४०० ग्रॅम असं पुस्तकात असतं, आणि अगदी साधं, धडधाकट आयुष्य जगलेल्यांमध्येही त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनशे ग्रॅमचा फरक सहज सापडतो.

आता तुझ्या दिरांचे आईन्स्टाईन. १९५५ साली प्रिन्स्टनच्या रुग्णालयात ते गेले, तिथल्या थॉमस हार्वे या पॅथॉलॉजिस्टने मेंदू काढून वजन केलं. १२३० ग्रॅम. म्हणजे सरासरीच्या खालीच. हार्वेंनी त्याचे सुमारे २४० तुकडे केले आणि पुढची कित्येक वर्षं ते अभ्यासकांना वाटले. कुणाला एका भागात ग्लिया पेशींचं, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचं, प्रमाण जास्त दिसलं, कुणाला पराइटल म्हणजे वरच्या-मागच्या बाजूचा एक भाग रुंद दिसला. पण एकाच माणसाच्या मेंदूवरून, तोही कुणाचा आहे हे आधीच ठाऊक असताना, काय सिद्ध होणार?

साहित्यिकांकडे बघ. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू २०१२ ग्रॅम भरला. फ्रान्सचे आनातोल फ्रान्स, ज्यांना १९२१ चं साहित्याचं नोबेल मिळालं, त्यांचा १०१७. जवळजवळ निम्मा. आनातोल फ्रान्स ऐंशीच्या घरात गेले, तेव्हा काही ग्रॅम वयाने नेले असं धरलं तरी एवढी मोठी दरी त्याने भरत नाही.

गाउसची गोष्ट तर मी मुलांना दरवर्षी सांगायचे. जर्मनीतला हा थोर गणिती १८५५ साली ग्योटिंगेनला वारला. रुडोल्फ वाग्नर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचा मेंदू जतन केला, वजन केलं (१४९२ ग्रॅम), मेंदूवरच्या वळ्यांची चित्रं काढवून घेतली. दीडशे वर्षं ती बरणी गाउसची म्हणून सांभाळली गेली, त्या मेंदूचा एमआरआयसुद्धा झाला. २०१३ मध्ये रेनाटे श्वाइत्सर या संशोधिकेच्या लक्षात आलं की एमआरआयमध्ये मधली खाच दुभंगलेली दिसते आणि ती ठेवण फार दुर्मीळ असते. त्यांनी वाग्नरच्या काळातली चित्रं काढून बघितली, तर ती दुभंगलेली खाच गाउसच्या चित्रात नव्हतीच. ती होती फुक्स नावाच्या एका डॉक्टरच्या मेंदूच्या चित्रात. तोही त्याच गावातला, त्याच वर्षी वारलेला. बरण्यांची अदलाबदल फार पूर्वीच झाली होती. म्हणजे गणितातली दैवी प्रतिभा ज्या मेंदूत शोधायची, तो मेंदू दुसऱ्याच माणसाचा होता आणि नुसत्या आकारावरून किंवा वळ्यांवरून "हा गाउस वाटत नाही" असं कुणालाही म्हणता आलं नाही. माझ्या लेखी या विषयावर याहून मोठा पुरावा नाही.

आणखी एक, जे मला बाई म्हणून फार लागतं. मेंदूतल्या वाचेच्या केंद्राचा शोध ज्यांच्या नावावर आहे त्या पॉल ब्रोका यांनी पॅरिसच्या रुग्णालयांमध्ये २९२ पुरुषांचे आणि १४० स्त्रियांचे मेंदू तोलले. पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम, स्त्रियांची ११४४. स्त्रिया अंगानेच लहान असतात, त्यांच्या गटातलं वय वेगळं असू शकतं, हे त्यांना कळत होतं. तरीही निष्कर्ष काढला तो बुद्धीचा. त्यांच्याच परंपरेतल्या गुस्ताव ल बोंने १८७९ मध्ये त्यावर मजला चढवला आणि मुलींना मुलांसारखं शिक्षण देणं धोक्याचं आहे असं लिहिलं. हे काटा धरणारे अडाणी नव्हते. त्यांना उत्तर आधी ठाऊक होतं, आकडे नंतर गोळा केले. आज हजारो माणसांच्या चाचण्या झाल्या आहेत. पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण दहा टक्के मोठा असतो आणि सरासरी बुद्ध्यांकात फरक सापडत नाही. आत्याबाईंना एवढं एकच सांग. त्यांचा स्वतःचा मेंदूही त्यांच्या भावापेक्षा हलका असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याने त्यांच्या बुद्धीत काडीचा फरक पडत नाही.

हैदराबादच्या बातमीबद्दल इथे कुणी रेडिओलॉजीवाले असतील तर त्यांनी सांगावं.

एमआरआय वाचणारा:

मॅडम, आहे मी. रोज मेंदूचेच स्कॅन बघतो, त्यामुळे ती बातमी आली तेव्हा मूळ काम वाचलं होतं.

२०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या मदतीने शंभर निरोगी तरुण भारतीयांचे, पन्नास पुरुष आणि पन्नास स्त्रियांचे, एमआरआय घेऊन भारतीय मेंदूचा नकाशा बनवला. त्यात लांबी, रुंदी, उंची सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा कमी भरली, हे खरं. पण हे काम हाती का घेतलं ते बातम्यांमध्ये तळाला गेलं. आमचं सॉफ्टवेअर पेशंटचा मेंदू एका नमुना मेंदूशी ताडून बघतं. जगभर सर्रास वापरला जाणारा नमुना कॅनडातल्या माँट्रियलचा, गोऱ्या लोकांच्या स्कॅनवरून केलेला. आपल्याकडच्या आजोबांचा चांगला ठणठणीत मेंदू त्या नमुन्यापुढे ठेवला तर तो आकसल्यासारखा वाटू शकतो आणि नसलेला स्मृतिभ्रंश कागदावर येऊ शकतो. ते टाळायला आपला नमुना हवा होता. बुद्धीचा त्या कामाशी काही संबंध नव्हता.

ताईंनी "नेमका किती संबंध" असं विचारलंय, त्याचंही उत्तर आहे. कवटीबाहेर काढून तोलण्याऐवजी जिवंत, धडधाकट माणसांचा मेंदू एमआरआयमध्ये मोजता येऊ लागला तेव्हापासून शेकड्याने अभ्यास झाले. २०१५ मध्ये असे ८८ अभ्यास एकत्र करून पाहिले, आठ हजारांवर माणसं होती. आकार आणि बुद्ध्यांक यांचा सहसंबंध ०.२४ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या १३,६०० हून अधिक प्रौढांवर एकाच पद्धतीने पाहिलं तेव्हा तो आणखी कमी, ०.१९ च्या आसपास आला आणि चाचणीतल्या गुणांमधल्या फरकांपैकी सुमारे दोन टक्केच फरक आकाराने समजावता आला. म्हणजे संबंध शून्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण किती? रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं उचलली आणि ज्याचा मेंदू मोठा तो चाचणीत पुढे अशी पैज लावली, तर असा सहसंबंध असताना शंभरातल्या छप्पन-सत्तावन्न पैजा जिंकाल. नाणं उडवून पन्नास जिंकल्या असत्या. आणि हे सगळं प्रौढांच्या गर्दीबद्दल. एका बाळाला यातलं काहीच लागू करता येत नाही.

पक्षीनिरीक्षक:

मी डॉक्टर नाही, पक्षी बघतो. आकारापेक्षा आत किती पेशी भरल्या आहेत हे मोजायची एक पद्धत ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी २००५ मध्ये काढली. मेंदूचा भाग विरघळवून त्याचं एकजीव द्रावण करायचं आणि त्यातली चेतापेशींची केंद्रकं मोजायची. माणसात ८६ अब्ज चेतापेशी निघाल्या, त्यातल्या १६ अब्ज बाहेरच्या थरात, जिथे विचाराचं बरंच काम चालतं. आफ्रिकन हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट, पेशी २५७ अब्ज! पण त्यातल्या २५१ अब्ज मागच्या लहान मेंदूत आहेत आणि बाहेरच्या थरात जेमतेम साडेपाच अब्ज.

२०१६ मध्ये तीच पद्धत पक्ष्यांना लावली. निळ्या-पिवळ्या मकाव पोपटाचा मेंदू वीसेक ग्रॅमचा. लाल तोंडाच्या माकडाचा त्याच्या तिपटीहून मोठा. तरी पुढच्या भागातल्या पेशी पोपटाच्या १.९ अब्ज आणि माकडाच्या १.७ अब्ज. पक्ष्यांच्या पेशी बारीक आणि दाटीवाटीने बसवलेल्या असतात. कावळ्याच्या कुळातही तीच तऱ्हा. आमच्या गच्चीवर कावळा वाळकी पोळी पाण्याच्या भांड्यात बुडवून मऊ करून खातो ते बघताना हे आकडे हमखास आठवतात.

मिरजेची आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, तुमचा प्रतिसाद आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. भावापेक्षा हलका मेंदू हे ऐकल्यावर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "बरं, डॉक्टर काय म्हणतात ते बघू."

एक राहिलंच. आकारावरून काहीच कळत नसेल तर दर वेळी बाळाच्या डोक्याला टेप लावतात कशाला? आणि टाळूचं काय? मावशी रोज म्हणतात, अजून जिरत नाही तेल, भरायला हवी.

शरीररचना निवृत्त:

चांगलं विचारलंस. टेप लावतात ती वाढ बघायला. बुद्धी मोजायला लावत नाहीत.

बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, मध्ये शिवणी असतात. आतून मेंदू वाढतो आणि हाडांना बाहेर ढकलतो, म्हणून डोकं वाढतं. जन्मतः मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो आणि दोन वर्षांत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास जातो. एवढ्या झपाट्याने पुढे आयुष्यात कधीच वाढत नाही. पहिले तीन महिने घेर महिन्याला साधारण दोन सेंमी वाढतो, पुढचे तीन महिने एक, मग वर्षापर्यंत अर्धा. ही वाढ अडली तर आत काहीतरी अडलंय हे टेपला सगळ्यात आधी कळतं. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात फारच लहान डोक्याची बाळं जन्मू लागली आणि झिका विषाणूचा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर होणारा घाला उघडकीला आला, तो अशाच साध्या मापांमुळे. उलट घेर फार भराभर वाढला तर आत पाणी साचतंय का हे बघावं लागतं. मोठं डोकं म्हणजे शुभच असं नाही ते यामुळे.

आता तुझ्या लेकीचं कार्ड. डोक्याच्या घेराच्या तक्त्यातल्या रेघा जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केल्या त्या सहा देशांतल्या मुलांवरून, त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. तेव्हा गोऱ्यांचा तक्ता आपल्या मुलांना लावलाय अशी शंका मनात आणू नकोस. नऊ महिन्यांच्या मुलीची मधली रेघ ४३.८ च्या आसपास येते, खालची काळजीची रेघ साधारण ४१.२ ला. तुझी ४२.५ वर आहे. त्याहून महत्त्वाचं हे की जन्माला ती मधल्या रेघेच्या जरा खाली होती, चौदा आठवड्यांनाही तेवढीच, आताही तेवढीच. आपली रेघ धरून चालली आहे. डॉक्टर "पुढच्या वेळी बघू" म्हणाले ते याचसाठी. एका मापात काही नसतं, दोन-तीन मापं जोडून काढलेल्या रेघेत असतं. रेघ सोडून खाली घसरली किंवा वर उसळली, टाळू फुगलेली-ताणलेली दिसली, किंवा येणाऱ्या गोष्टी यायच्या थांबल्या, तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. बसणं, रांगणं, "बाबा कुठे?" म्हटल्यावर दाराकडे बघणं, दोन बोटांत केस धरणं हे तू लिहिलंस ना, ते मला कुठल्याही सेंटिमीटरपेक्षा जास्त सांगून गेलं.

टाळू म्हणजे त्या हाडांमधली फट, वर चामडी आणि चिवट पडदा. साधारण नऊ ते अठरा महिन्यांत हाड वाढून ती आपोआप बुजते. तेल मेंदूपर्यंत पोचत नाही, त्याने मेंदूला ना खाऊ मिळतो ना आकार. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, बाळाला सुख वाटतं. पण दाबायचं नाही आणि डोकं गोल करायला हातांनी आवळायचं तर मुळीच नाही. मावशींना हे तूच सांग, गोड शब्दांत पण ठाम. मेंदूला खरोखर लागतं ते लोह, आयोडीन आणि पोटभर आहार. घरात आयोडीनचं मीठ आहे ना बघ, आणि तुझं स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घे. बाळाला आता वरचं अन्न सुरू असेल. नाचणी, डाळी, हिरव्या भाज्या, अंडं चालत असेल तर अंडं. आणि तिच्याशी बोलत राहा.

त्या वडिलांनी सांगितलं ते बरोबर आहे, तुमची दोघांची मापं घ्या. टेप न ताणणारी हवी, शिवणकामाची जुनी सैल झालेली नको. पुढून भुवयांच्या वरून, बाजूने कानांच्या वरून, मागून सगळ्यात जास्त फुगलेल्या जागेवरून. तीनदा घ्यायचं आणि सगळ्यात मोठं लिहायचं. जरा वर-खाली झाली की अर्धा सेंमी इकडचा तिकडे होतो.

मिरजेची आई:

घेतली मापं. ह्यांचं ५७. माझं ५२.५, तीनदा घेऊनही तेच. माझ्या आईलाही फोन करून मोजायला लावलं, तिचं ५२. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते.

शरीररचना निवृत्त:

मग लेक आई-आजीच्या वळणावर गेली आहे, अजून काय! तिन्ही आकडे कार्डाच्या मागे लिहून ठेव, डॉक्टरांना दाखव. पुढचं माप वर्ष पूर्ण झालं की, त्यानंतर दीड वर्षाच्या डोसला. शक्य तर एकाच ठिकाणी, एकाच टेपने. आणि वर्षाला ती कुठल्या कुठल्या वस्तूंकडे बोट दाखवते ते इथे येऊन कळव.